एक माऊस, दोन संगणक : जमतं का कोणाला?

संत्राबर्फी | ११ मे, रात्री १०.१२

मंडळी, प्रश्न छोटासाच आहे, पण दोन महिन्यांपासून त्याने माझं डोकं पिकवलंय.

मी घरून काम करते. टेबलावर दोन संगणक आहेत. डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे माझा डेस्कटॉप. डेस्कटॉपवर टॅली, बाहेरच्या दोन-तीन दुकानांची खाती लिहिते. दोन्हीकडे विंडोज. दोन कीबोर्ड, दोन माऊस. टेबल सासऱ्यांच्या वेळचं, दणकट आहे पण रुंदी जेमतेम साडेतीन फूट. त्यावर हा सगळा संसार, शिवाय चहाचा कप, आणि खिडकीत कूलर. कूलर लावला की बिलं उडतात, म्हणून त्यांच्यावर दुसरा माऊस ठेवते. खरं सांगायचं तर त्या माऊसचा तेवढाच उपयोग आहे.

रोज होतं काय, हात एका माऊसवर आणि डोळे दुसऱ्या पडद्यावर. बाण हलत नाही म्हणून मी माऊस आपटते, तोवर दुसरीकडे भलतंच काहीतरी उघडलेलं असतं. परवा कळस झाला. लॅपटॉपवर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जायचं होतं म्हणून ऑल्ट आणि डी दाबलं, आणि सवयीने एंटर. कीबोर्ड डेस्कटॉपचा होता. टॅलीवाल्यांना पुढचं सांगायला नको, तिथे ऑल्ट-डी म्हणजे नोंद पुसणं. व्हाउचर गेलं.

भाच्याकडे पाहिलं होतं, एकच माऊस एका पडद्याच्या कडेवरून सरकवला की बाण थेट दुसऱ्या संगणकावर जायचा. तो आता परदेशात, फोन उचलत नाही. कोणी करून पाहिलंय का? दोन्ही घरच्या वायफायवर आहेत. इकडचं कॉपी करून तिकडे चिकटवता आलं तर सोन्याहून पिवळं.

चिल्लर | ११ मे, रात्री १०.१९

देवाने दोन हात कशाला दिलेत?

बडग्या | ११ मे, रात्री १०.३१

अवो ताई, एवढी मगजमारी काऊन करून राह्यल्या? रिमोट डेस्कटॉप लावा ना. मी तं दुकानातून घरचा संगणक चालवतो. विषय संपला.

वायरमन | ११ मे, रात्री १०.५८

बडग्या, विषय संपला नाही, विषय बदलला. रिमोट डेस्कटॉपमध्ये दुसऱ्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यात खिडकीसारखा उघडतो. ताईंकडे दोन्ही पडदे समोरच आहेत. त्यांना पडदा नको, फक्त बाण पलीकडे जायला हवा. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही, त्याला प्रो लागतं.

संत्राबर्फी, तुम्हाला हवं ते म्हणजे 'माऊस विदाउट बॉर्डर्स'. मायक्रोसॉफ्टच्याच एका अभियंत्याने फावल्या वेळात लिहिलेला प्रोग्रॅम, २०११ साली बाहेर आला. २०२३ पासून तो पॉवरटॉइज नावाच्या फुकट संचात मिळतो. दोन्ही संगणकांवर पॉवरटॉइज टाका. एकावर सुरक्षा-किल्ली तयार करा, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक शब्द. तो आणि त्या संगणकाचं नाव दुसऱ्यावर भरा. मग पडद्यांची चित्रं ओढून कोण डावीकडे, कोण उजवीकडे ते लावा. झालं. चार संगणकांपर्यंत चालतं. मजकूर इकडून तिकडे चिकटवता येतो, फाइलही जाते, पण एका वेळी एकच आणि १०० एमबीच्या आतली.

एक सूचना अनुभवाची. 'कोपऱ्यांवर माऊस अडवा' असा पर्याय आहे, तो लगेच चालू करा. नाहीतर खिडकी बंद करायला उजव्या वरच्या फुलीकडे गेलात की बाण फुली ओलांडून शेजारच्या संगणकावर जाऊन बसतो. पहिला आठवडा मी त्या फुलीला शिव्या घालत होतो.

बडग्या | ११ मे, रात्री ११.०४

बरं बाप्पा. चुकलं.

टक्स_उपासक | १२ मे, सकाळी ७.४०

एकाच कंपनीच्या खुंटीला गाय बांधायची असेल तर वायरमन सांगतात ते ठीक. उद्या एक संगणक लिनक्सवर नेलात तर काय कराल? (न्यालच. आज ना उद्या.)

या घराण्याचा मूळपुरुष सिनर्जी, २००१ सालचा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालायचा. पुढे त्याला पैसे लागायला लागले, तेव्हा लोकांनी त्याच्या मुक्त संहितेतून २०१८ च्या सुमारास बॅरियर काढला. बॅरियरचा सांभाळ थांबला, तर काम करणारी मंडळी उठून गेली आणि इनपुट लीप काढलं. मग २०२४ मध्ये सिनर्जीच्याच मुक्त आवृत्तीला डेस्कफ्लो हे नाव मिळालं. भाऊबंदकी आहे, पण वाडा एकच.

तत्त्व सोपं आहे. ज्या संगणकाला खरा माऊस आणि कीबोर्ड जोडलाय तो सर्व्हर, बाकीचे क्लायंट. बाण कडेला टेकला की सर्व्हर स्वतःकडचा बाण गोठवतो आणि 'इतका डावीकडे, इतका खाली, हे बटण दाबलं' एवढेच चिमुकले निरोप नेटवर्कवरून क्लायंटला धाडतो. चित्र पाठवायचं नसतं, म्हणून हे रिमोट डेस्कटॉपपेक्षा कितीतरी हलकं. साधारण २४८०० क्रमांकाच्या पोर्टवर चालतं, तेवढी वाट फायरवॉलमध्ये मोकळी ठेवायची.

लिनक्सवाल्यांसाठी: वेलँडवर (लिनक्सचा पडदा चालवणारी नवी व्यवस्था) यातले जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा वाचू द्यायच्या नाहीत, हा वेलँडचा बाणाच आहे. आता लिबेई नावाची अधिकृत वाट झाली आहे, पण डेस्कटॉप आणि प्रोग्रॅम दोन्ही नवे हवेत. नसतील तर लॉगिनच्या वेळी एक्सऑर्ग, म्हणजे जुनी व्यवस्था, निवडा.

चिल्लर | १२ मे, सकाळी ७.५२

प्रश्न विंडोजचा होता. सव्वासात ओळींत लिनक्सपर्यंत पोचलो. विक्रम नाही, पण चांगली वेळ आहे.

सफरचंदवाली | १२ मे, सकाळी ९.१५

आमच्याकडे काहीच टाकावं लागत नाही हो. मॅक आणि आयपॅड शेजारी ठेवले, बाण कडेला ढकलला, गेला. युनिव्हर्सल कंट्रोल म्हणतात, मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ आणि आयपॅडओएस १५.४ बरोबर आलं. अट एवढीच की दोन्हीकडे एकच ॲपल खातं हवं, ब्लूटूथ आणि वायफाय चालू हवं आणि अंतर दहा मीटरच्या आत.

बडग्या | १२ मे, सकाळी ९.२१

ताई, चौथी अट राह्यली. दोन्ही घ्यायला एक किडनी हवी.

आजोबा_७१ | १२ मे, सकाळी ११.०५

चर्चा वाचून गंमत वाटली. डग्लस एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माऊस दाखवला, तेव्हा त्याचा स्वतःचा संगणक तिथे नव्हताच. तो होता मेन्लो पार्कला, तीसेक मैलांवर. सभागृहात माऊस आणि पडदा, गणित करणारं यंत्र दूर. म्हणजे माऊस एका गावी आणि संगणक दुसऱ्या गावी ही कल्पना माऊसइतकीच जुनी आहे.

मी निवृत्त आहे. माझा संगणक एकच आहे आणि तोही नातू वापरतो.

वायरमन | १२ मे, सकाळी ११.३०

आजोबा, हे माहीत नव्हतं. मस्त.

पुणेरी_पाहुणा | १२ मे, दुपारी १२.४८

मुळात 'माऊस' कशाला म्हणायचं? उंदीर म्हणा की.

बडग्या | १२ मे, दुपारी १२.५५

म्हणतो ना. टेकडीच्या गणपतीचा एकच उंदीर हाये, त्यावर सारं त्रिभुवन फिरते. ताईचे दोन संगणक काय चीज हाये. पण दुकानात गिऱ्हाइकाला 'उंदीर दाखवू का, बिनशेपटीचा हाये' म्हटलं तं तो पळून जाईन.

बर्डीवाला | १२ मे, दुपारी २.१०

दुकान जेवायला बंद असतं तेवढ्यात लिहितो. नागपुरात बर्डीवर संगणकाचं सामान विकून वीस वर्षं झाली, तेव्हा माझं मत तारेच्या बाजूने पडणार हे आधीच सांगून टाकतो.

प्रोग्रॅमचं सगळं छान आहे, पण संगणक चालू होऊन विंडोज उठेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जायचंय? जुना माऊस शोधा. वायफाय बसलं? जुना माऊस शोधा. परवानगी विचारणारी ती काळवंडलेली चौकट आली? साध्या पद्धतीने चालवलं असेल तर बाण तिथेच अडकतो. म्हणून लोक जुना माऊस फेकत नाहीत, खणात ठेवतात.

याला सरळ उपाय केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस, तिन्ही एका डबीत. बटण दाबलं की तिन्ही या संगणकाचे, परत दाबलं की त्या. पडदे दोन असतील तर व्हिडिओची गरजच नाही, नुसता यूएसबी स्विच घ्या. तो स्वस्त पडतो. विंडोज, लिनक्स, काहीही असो, त्याला फरक पडत नाही, कारण संगणकाला वाटतं माऊस काढला आणि परत लावला.

तोटाही सांगतो. बाण कडेवरून सरकत नाही, बटण दाबावं लागतं. दर वेळी तो 'टुंग' आवाज येतो आणि एक-दोन सेकंद जातात. आणि कॉपी-पेस्ट नाही.

अजून एक, हे नीट वाचा. दोन्हीकडे सारखंच चपटं टोक असलेली साधी यूएसबी तार घेऊन दोन संगणक एकमेकांना जोडू नका. गिऱ्हाइकं हट्टाने मागतात. दोन्ही बाजू वीज पाठवतात, पोर्ट जळू शकतो. संगणक-ते-संगणक जोडायची खास तार मिळते, तिच्या मध्ये एक फुगीर डबी असते. त्या डबीत चिप आहे, पैसे तिचेच.

टक्स_उपासक | १२ मे, दुपारी २.३२

बायोसचा मुद्दा मान्य. पण महिन्यातून किती वेळा बायोसमध्ये जातो माणूस? आणि ताई दिवसाला शंभर वेळा इकडून तिकडे जाणार. शंभर टुंग. दोन सेकंद धरले तरी रोजची तीन मिनिटं नुसती वाट बघण्यात.

बर्डीवाला | १२ मे, दुपारी २.३६

तीन मिनिटांत तर्री पोह्यांची प्लेट येते भाऊ. वाट बघायला शिका.

संत्राबर्फी | १२ मे, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. वायरमन, आज बसले होते. डेस्कटॉपवर पॉवरटॉइज झालं, किल्लीही निघाली. लॅपटॉपवर टाकायला गेले तर ॲडमिनचा पासवर्ड मागतोय. तो माझ्याकडे नाही, ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे असतो. त्यांना न विचारता करायची काही युक्ती?

वायरमन | १२ मे, रात्री ९.५८

म्हणजे लॅपटॉप ऑफिसचा आहे??

संत्राबर्फी | १२ मे, रात्री १०.०१

हो. सांगितलं नव्हतं का?

वायरमन | १२ मे, रात्री १०.०४

ताई, नाही. पहिल्या प्रतिसादापासून आम्ही दोन घरच्या संगणकांचं लग्न जमवतोय आणि आता मुलगी म्हणते तिचं आधीच ठरलंय.

चिल्लर | १२ मे, रात्री १०.०६

🍿

निळासावळा | १२ मे, रात्री १०.४०

मिहानमधल्या एका कंपनीत मी तोच 'आयटीवाला' आहे, ज्याला न विचारता करायची युक्ती तुम्हाला हवी आहे. म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

हे प्रोग्रॅम करतात काय? तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ एका संगणकावर टिपतात आणि दुसऱ्याकडे पाठवतात. त्यात ऑफिसचा पासवर्डही आला. चांगले प्रोग्रॅम वाटेत ते कुलूपबंद करतात, मान्य. तरी ज्या घरच्या संगणकावर मुलं खेळ उतरवून घेतात, तिथे एखादा चोरटा प्रोग्रॅम बसला असेल तर त्याला ऑफिसच्या कळा आयत्या मिळाल्या. आणि चिकटवणं म्हणजे ऑफिसची माहिती घरच्या यंत्रावर. तुम्ही प्रामाणिक आहात. पण उद्या चौकशी झाली तर संगणकावरच्या नोंदीत प्रामाणिकपणा दिसत नाही, 'अमुक वाजता इतका मजकूर बाहेर गेला' एवढंच दिसतं.

दुसरी तांत्रिक गोष्ट. ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी बंदिस्त वाट, चालू असतं ना? बऱ्याच ठिकाणी ते असं बसवतात की व्हीपीएन लागलं की लॅपटॉपला घरचं नेटवर्क दिसायचंच बंद होतं. तुम्ही ॲडमिन पासवर्ड मिळवला असता तरी नऊ वाजता लॉगिन केल्याबरोबर बाण कडेला आपटून परत आला असता.

टक्स_उपासक | १२ मे, रात्री १०.५२

कर्मचाऱ्याने स्वतःच्या टेबलावर स्वतःचा माऊस कसा हलवायचा तेही आता कंपनी ठरवणार.

निळासावळा | १२ मे, रात्री १०.५५

माऊस तुमचा, हात तुमचा, टेबलही तुमचं. लॅपटॉप कंपनीचा. तेवढ्याचंच बोलतोय.

बडग्या | १२ मे, रात्री ११.१०

निळाभाऊ, एक इचारू का? ते माऊस आपोआप हलवाचं यंत्र भेटते, हिरवा दिवा लागून राहते अन् माणूस झोपून राहते. ते पकडता येते का तुमाले?

निळासावळा | १२ मे, रात्री ११.१४

येतं. सात तास सारखीच हालचाल आणि एकही कळ दाबलेली नाही, हे कळायला आयटीवाला लागत नाही. पुढचं विचारू नका, तुमच्या भल्यासाठी.

पिको_पोट्टा | १३ मे, रात्री १.२०

इंजिनीअरिंगला आहे, शेवटचं वर्ष, म्हणून ही वेळ.

ताईंना कडेवरून सरकणारा बाणही हवा आणि लॅपटॉपवर काही टाकायचंही नाही. दोन्ही एकत्र होतं. डेस्कहॉप नावाचा मुक्त प्रकल्प आहे. दोन रास्पबेरी पाय पिको (प्रोग्रॅम भरता येणारी छोटी सर्किटं) घ्यायचे, एकेक एकेका संगणकाला, मध्ये विजेने अलग ठेवणारी एक चिप. माऊस एकाला, कीबोर्ड दुसऱ्याला. संगणकाला वाटतं, साधा यूएसबी माऊस लागलाय.

गंमत यात आहे: साधा माऊस फक्त 'जरा डावीकडे, जरा वर' एवढंच सांगतो, बाण नेमका कुठे आहे ते त्याला माहीत नसतं. मग कड कशी कळणार? म्हणून पिको 'बाण अमुक जागी ठेव' असं सांगणारा माऊस बनतो, चित्र काढायच्या पाटीसारखा. जागा तोच ठरवतो, म्हणून कड त्याला माहीत. कड आली की इकडचं थांबवायचं आणि दुसऱ्या पिकोला सांगायचं, आता तू. नेटवर्क नाही, प्रोग्रॅम नाही, टुंगही नाही, कारण माऊस दोन्हीकडून कधी निघतच नाही.

आम्ही होस्टेलवर एक बनवला. पहिल्यांदा दोन तारा उलट्या जोडल्या, तेव्हा माऊस या संगणकावर आणि कीबोर्ड त्या संगणकावर जाऊन बसला. रूममेटने तसाच अर्धा तास वापरला. त्याला वाटलं असंच असते.

वायरमन | १३ मे, सकाळी ८.०५

पोरा, झकास. 'जागा सांगणारा माऊस' हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

निळासावळा | १३ मे, सकाळी ९.३०

कल्पना सुंदर आहे. पण घरी डाग देऊन बनवलेलं, अनोळखी यूएसबी यंत्र ऑफिसच्या लॅपटॉपला लागलं की आमच्याकडे इशारा येऊ शकतो. कीबोर्ड असल्याचं सोंग घेणारी यंत्रं हल्ल्यासाठी वापरतात, त्यामुळे काही कंपन्या याबाबत फार काटेकोर असतात. विचारून लावा.

पिको_पोट्टा | १३ मे, सकाळी ११.४५

विचारून लावलं तं मजा काय राहिली? (ताई, विचाराच.)

रेशीमगाठ | १३ मे, दुपारी १२.२०

माझा अनुभव अगदी साधा. खांदा. दोन वर्षं दोन माऊस वापरले, दुसरा लांब पडायचा, हात ताणून ताणून उजवा खांदा आखडला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आधी टेबलाचा फोटो मागवला आणि म्हणाल्या, व्यायाम नंतर, आधी हा दुसरा माऊस उचला.

मग तीन संगणकांशी जोडला जाणारा ब्लूटूथ माऊस घेतला. पोटाखाली बटण असतं, दाबलं की एक, दोन, तीन. आत काही टाकावं लागत नाही, लॅपटॉपला ब्लूटूथ हवं, बस. लॉजिटेकच्या काही माऊसना कडेवरून सरकायची सोयही आहे, तिला फ्लो म्हणतात, पण तिच्यासाठी दोन्हीकडे त्यांचा प्रोग्रॅम लागतो. म्हणजे ताईंची गाडी पुन्हा त्याच पासवर्डवर अडणार.

कीबोर्डही तसाच मिळतो. फक्त माऊसचं वेगळं बटण, कीबोर्डचं वेगळं. एक बदलला आणि दुसरा विसरला की ऑल्ट-डी आहेच.

संत्राबर्फी | १३ मे, दुपारी १२.४१

ऑल्ट-डी चं नाव काढू नका. त्या व्हाउचरचं मूळ बिल अजून सापडलेलं नाही.

पुणेरी_पाहुणा | १३ मे, दुपारी १.०२

ते दुसऱ्या माऊसखाली पाहिलंत का?

संत्राबर्फी | १३ मे, दुपारी १.२६

पाहिलं.

तिथेच होतं.

चिल्लर | १३ मे, दुपारी १.२७

पुण्याला मानलं. आयुष्यात पहिल्यांदा.

भर_उन्हाळा | १३ मे, दुपारी ३.५०

ज्यांचे दोन्ही संगणक घरचेच आहेत त्यांच्यासाठी लिहितो, मी याच पायी एक रविवार घालवलाय. सगळं बरोबर भरूनही संगणक एकमेकांना दिसत नव्हते. तीन कारणं निघाली, तिन्ही माझीच.

लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर होता. मागच्या दिवाळीत साल्यासाठी ते चालू केलं होतं. राउटर पाहुण्यांना घरातल्या बाकी यंत्रांशी बोलू देत नाही, त्याचं कामच ते. ते बदललं. तरी नाही. मग पाहिलं, विंडोजने घरचं नेटवर्क 'सार्वजनिक' धरलं होतं, म्हणून फायरवॉल दार उघडेना. ते 'खाजगी' केलं. जुळलं, पण बाण अडखळत चालायचा, भाजीवाल्याच्या हातगाडीसारखा. डेस्कटॉपला राउटरपासून तार टाकली आणि बाण तुपासारखा चालायला लागला. बाणाचे निरोप चिमुकले असतात, पण वेळेवर पोचले पाहिजेत. गर्दीच्या वायफायवर नेमकं तेच होत नाही.

राउटर कूलरच्या मागे ठेवला होता हेही सांगून टाकतो. पत्र्याची पेटी आणि आत पाणी, सिग्नल कुठून जाणार?

बडग्या | १३ मे, दुपारी ४.०५

आज पारा ४५ वर हाये, नवतपा यायचाच हाये. राउटरले कूलरची हवा लागून राह्यली होती, अन् तुम्ही त्याले बाहेर काढलं. पाप लागन.

गुपचूपवाली | १३ मे, सायंकाळी ६.३०

जरा वेगळं विचारते. याच माऊसने फोनही चालवता येईल का? अँड्रॉइड आहे.

टक्स_उपासक | १३ मे, सायंकाळी ६.४८

येतो. एससीआरसीपीवाय म्हणून फुकट, मुक्त प्रोग्रॅम आहे. फोन तारेने जोडायचा, फोनचा पडदा संगणकावर दिसतो आणि माऊसने चालतो. त्याची ओटीजी नावाची आणखी एक रीत आहे, तिच्यात पडदा येत नाही, नुसता माऊस आणि कीबोर्ड फोनला लागतो. तुम्हाला तीच आवडेल.

संत्राबर्फी | १७ मे, रात्री ९.१५

चार दिवसांनी आले, क्षमस्व. मधे तिमाहीचं काम होतं.

निळासावळा यांचं ऐकून आमच्या आयटीला सरळ विचारलं. प्रोग्रॅमला 'नाही', घरी बनवलेल्या यंत्राला 'अजिबात नाही', बाजारातल्या यूएसबी स्विचला 'हरकत नाही'. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. दोन महिने मी उगाच घाबरत होते.

शनिवारी बर्डीला गेले. (बर्डीवाला, तुमचं दुकान कोणतं ते माहीत नाही, पण मी ज्यांच्याकडून घेतला त्यांनीही ती साधी तार विकायला नकार दिला, म्हणून संशय आहे.) छोटी डबी, दोन तारा, आणि एक वेगळं बटण लांब वायरवर. बटण दोन बाजूंच्या टेपने टेबलाच्या कडेला चिकटवलंय, डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी. टुंग होतं. दीडेक सेकंद जातो. टक्स_उपासक, मोजलं मी: दिवसात शंभर नाही, तीसएक वेळाच होतं. आधी वाटायचं सारखी इकडून तिकडे उड्या मारते. बटण दाबायचं म्हटल्यावर आपोआप एकेका संगणकावरचं काम संपवूनच पलीकडे जायला लागले.

कॉपी-पेस्ट नाही, ते खरं. पण ऑफिसचं काही खात्यांत चिकटवायची मला गरज कधीच नव्हती, उगाच हौस होती.

वायरमन, तुमच्या प्रोग्रॅमची किल्ली अजून डेस्कटॉपवर पडून आहे. मुलाचा जुना लॅपटॉप दुरुस्त झाला की त्याला जोडीन.

बर्डीवाला | १७ मे, रात्री ९.४०

मोरपंखी ड्रेस, पिशवीत संत्री, आणि पन्नास रुपये कमी करा म्हणून अर्धा तास?

संत्राबर्फी | १७ मे, रात्री ९.४२

पिशवीत कैऱ्या होत्या. बाकी बरोबर.

वायरमन | १७ मे, रात्री ९.४५

अर्ध्या तासाचे किती टुंग होतात ते काढा कोणीतरी.

रेशीमगाठ | १७ मे, रात्री ९.५०

आणि दुसरा माऊस? टेबलावरून उचलला ना?

संत्राबर्फी | १७ मे, रात्री ९.५५

बिलांवर आहे. कूलर चालू आहे ना.

दोन_पोरांची_आई | १८ मे, सकाळी १०.१०

धागा वरवर वाचला. माझं उलटं आहे. संगणक एक आणि माऊस दोन. दोन्ही मुलांनी एकेक माऊस लावलाय आणि दोघं एकाच बाणासाठी भांडतात, एक डावीकडे ओढतो, एक उजवीकडे. दोघांना वेगवेगळे बाण देता येतात का?

टक्स_उपासक | १८ मे, सकाळी १०.१४

येतात! लिनक्समध्ये एक्सऑर्गवर एक्सइनपुट नावाची आज्ञा आहे, तिने दुसरा बाण तयार करून

वायरमन | १८ मे, सकाळी १०.१५

ताई, वेगळा धागा काढा. लवकर.